चार नंबर दाबून मुली काढा

उटनूरच्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेशाचा प्रोग्राम खुशालने एकट्याने लिहिला होता. तो कसा चालतो, हे सांगणारी वहीही त्यानेच लिहिली होती. प्रोग्राम तो दरवर्षी सुधारत असे, वही मात्र सहा वर्षांपूर्वीचीच होती.

"खुशालभाऊ, वही नवी करा ना," नवा प्रोग्रामर चंपत अधूनमधून म्हणायचा.

"अरे, सारं माह्या डोक्यात हाये. वही काय पळून चालली?"

२००७ च्या जूनमध्ये खुशाल मेव्हण्याच्या लग्नाला इंद्रवेल्लीला गेला, अर्थात डोक्यासकट. त्याच दिवशी जुन्या मुलींची यादी भिंतीवर लागायची होती. नाव पाहून संध्याकाळपर्यंत सही केली तर जागा राहणार, नाही तर ती नव्या मुलीला जाणार.

चंपतने वही उघडली. 'चार नंबर दाबून जुन्या मुली काढा.' त्याने चार दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, 'जुन्या मुली काढू का?' सांगणारा खुशालच आणि विचारणाराही खुशालच, मग शंका कशाला घ्यायची? चंपतने हो म्हटलं.

पूर्वी चारवर यादी छापली जायची. मागच्या वर्षी खुशालने छपाई पाचवर नेली आणि चारवर नावं पुसायची सोय केली. मशीनने सेहेचाळीस नावं पुसली आणि 'जुन्या मुली : शून्य' असा कागद दिला. शिपायाने तो लगेच भिंतीला चिकटवलाही.

फोनवर खुशालला चंपतचं रडं वरातीच्या बँडसकट ऐकू आलं.

"काढा म्हन्जे कागदावर काढा, बे!"

"मंग मशीननं तेच काऊन इचारलं, भाऊ?"

वहीच्या शेवटी लिहिलं होतं, 'नावांच्या नकलेच्या सीड्या महिपतकडे.' महिपत दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गुडीहत्नूरला शेती करू लागला होता. खुशाल वरात सोडून निघाला आणि दोघे तिथे धावले. महिपतची बायको बयनाबाई खुशीत म्हणाली, "त्या चमकत्या चकत्या? लई कामाच्या हो! ज्वारीत बांधल्या, एक पाखरू बसलं नाई."

सीड्या घासून पार पांढऱ्या पडल्या होत्या.

संध्याकाळी खुशालने मुलींनाच ओळीत उभं केलं, नावं विचारून पुन्हा भरली, सह्या घेतल्या. पंचेचाळीसच झाल्या. दहावीतली मनकर्णा भिंतीवरचं शून्य वाचून दुपारच्या बसने गावी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची जागा नव्या मुलीला मिळाली. खुशालने संस्थाचालकांच्या हातापाया पडून पाहिलं, पण नियम हलला नाही.

तो माफी मागायला तिच्या घरी गेला. तिच्या आईने, पंचफुलाने, पाणी दिलं. लाजत त्याने पिशवीतून वही काढली आणि चार नंबरचं पान मनकर्णापुढे धरलं.

ते वाचून तिने विचारलं, "सर, वहीत चुकीचं लिवलं व्हतं का?"

"लिवलं तवा बरोबर व्हतं, बेटा."

"मंग चुकीचं कवा झालं?"

"मी प्रोग्राम बदलला तवा."

"तवा वही कुटं व्हती?"

"टेबलावर. माह्या हातासमोर."

तिने वही मिटून त्याला परत दिली. मग म्हणाली, "आता लिवसान तर काऊन लिवलं, तेबी लिवा. नाई तर पुढचा मानूस वाचनच नाई."

खुशालने त्याच दिवशी वहीत तारीख घालून लिहिलं, 'चार नंबर नावं पुसतो. मनकर्णाचं नाव यानेच गेलं.' त्या वर्षी वसतिगृहाच्या सगळ्या कागदांत तिचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी होतं.