रडक्यांची रशीदाखाला

माझ्या पुतण्याच्या लग्नाला नगरसेवक आले होते. हारतुरे झाले, साहेबांनी माइक हातात घेतला, आणि पहिल्या रांगेतून रशीदाखाला मोठ्यानं म्हणाली, "हा पिच्चरमधी मारामारी लागली की लई रडायचा!" मांडव खो खो हसला. साहेब लाजले, माइक ठेवला आणि खाली येऊन खालाच्या पाया पडले. भाषण टळलं. तेवढ्यासाठी तरी खालाला प्रत्येक लग्नाचं आवतण द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला तर ती माझ्या कापडाच्या दुकानात, भर गिऱ्हाइकासमोर म्हणते, "गाणं लागलं की चूप, गाणं संपलं की भोंगा. असा होता तुमचा शेठ!" पन्नाशीच्या माणसानं यावर काय बोलावं?

जुन्या नांदेडात चांदतारा टॉकीज होती. बायकांचं दार वेगळं, मधे पडदा, आणि त्या दारावर तिकिटं फाडायला खाला. आत कुणाचं लेकरू रडलं की पुरुषांकडून शिट्ट्या आणि ओरडा, "ए, पोरगं भाईर न्या!" बिचारी आई कुठं जाणार? कधी नव्हे तो पिच्चर, तोही सासूला गोड बोलून. मग खाला अंधारात यायची, "दे इकडं, तू बघ" म्हणायची आणि लेकरू घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायची. हे काही तिचं काम नव्हतं. मालक चिडायचा, पण खाला कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. अर्धं नांदेड तिच्या खांद्यावर दूध ओकलंय.

एकदा मात्र घोटाळा झाला. कंधारची एक बाई खालाकडून आपलं लेकरू म्हणून मलाच घेऊन बसस्टँडपर्यंत गेली. आई अनवाणी मागं पळाली. "दोघायला सारख्या टोप्या होत्या, म्या काय करू?" खाला आजही चूक कबूल करत नाही. आई अजून कधी कधी माझ्याकडं निरखून बघते.

टॉकीज पाडली, तिथं मोबाइलच्या दुकानांचं कॉम्प्लेक्स झालं. आम्ही चार दिवस हळहळलो आणि त्याच दुकानांतून मोबाइल घेतले. खालाचं तसं नव्हतं. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, जिथं लेकरू रडेल तिथं ती हात पुढं करायची. "दे इकडं." पण आता कोण देतं? एकदा दवाखान्यात एका तरुण आईनं लेकरू छातीशी धरून ओरडाच केला, "कोण हाय ही बाई? पोरं पळवणारी हाय का?" माणसं गोळा झाली. मी तिथं होतो म्हणून निभावलं. रिक्षा करून मी तिला घरी सोडलं. त्यानंतर ती घराबाहेरच पडेना. मला फार वाईट वाटलं. जन्मभर जे केलं, तेच लोकांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं.

पुढं माझी लेक सायली बाळंतपणाला पुण्याहून आली. नातू रोज संध्याकाळ झाली की टाहो फोडायचा. आमच्या सायलीबाईसाहेब सॅनिटायझरवाल्या. बापालासुद्धा हात धुतल्याशिवाय लेकरू देत नाहीत. तरी मी तिला न विचारता खालाला घेऊन आलो. खाला उंबऱ्यातच थांबली, हात पदराखाली. "बाई, तू दे म्हनलीस तरच घेते. नक्को तर नक्को."

सायलीनं माझ्याकडं पाहिलं. जागून जागून डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिनं बाळ दिलं.

आता चमत्कार होणार म्हणून आम्ही सगळे टक लावून बसलो. कसला चमत्कार! नातवानं आवाज दुप्पट केला. खालानं उभं धरलं, आडवं धरलं, अंगणात फिरवलं. काडीचा फरक नाही. सायली ओशाळली. हात पुढं करून म्हणाली, "द्या खाला, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कशाचा गं माय? रडू दे. मला लई बरं वाटून राहिलं." खाला हसत होती, पण डोळे भरले होते. "माझ्या घरात कधी कुणी रडलंच न्हाई."

सायलीनं हात मागं घेतले. "मग मी जरा पडू का, खाला?" म्हणाली, आणि आत जाऊन झोपली.