डोरे मिटा, मॅडम

कापगते सर कुणाचीही फाईल डोळ्यांनी तपासत नाहीत, कानांनी तपासतात. आमच्या गोंदियाच्या कॉलेजातून कुणाचा शोधनिबंध बाहेर छापायला जायचा असेल, तर त्याची पीडीएफ आधी सरांच्या खोलीत जाते. सर दार लोटून घेतात, खुर्चीत मांडी घालतात, आणि कॉम्प्युटरमधल्या बाईला ती फाईल पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लावतात. तुम्ही समोर असाल तर तुम्हालाही हुकूम सुटतो, "डोरे मिटा, मॅडम." डोरे म्हणजे डोळे. सर झाडीपट्टीतले. पीएचडी होऊन केस पिकले, तरी त्यांची बोली काही शहरात राहायला आली नाही.

सर प्राणिशास्त्राचे, आणि त्यांची खोली म्हणजे विभागाचं जुनं संग्रहालय. भिंतीभर काचेच्या बरण्या. त्यात साप, बेडूक, घोरपडीचं पिल्लू, आणि मधोमध मानाच्या जागी दोन तोंडांचं बकरीचं करडू. उजेडानं नमुने खराब होतात म्हणून खिडक्यांना काळा कागद. त्या अंधारात बरण्यांतले सगळे डोळे उघडे आणि आपले तेवढे मिटलेले. त्यात तो आवाज. आतल्या बाईला राग नाही, लोभ नाही, दमही लागत नाही. "तक्ता दोन. स्तंभ एक. मृत मासे," हे ती बसची वेळ सांगावी तसं सांगते.

मी जूनमध्ये इथं रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यातून जाताना सरांच्या खोलीत बाई बोलताना ऐकली. मग सरांचा आवाज आला, "समजला का?" मग बराच वेळ शांतता. आणि मग सरच म्हणाले, "बरं बरं, पुन्ना वाचायले लावतो. रागावू नोको."

आमचे शिपाई गेंदलालभाऊ चहाचे ग्लास गोळा करत होते. गोंदियात हिंदीशिवाय पान हलत नाही, म्हणून मीही हिंदीत विचारलं, "अंदर कौन है?"

"सर है."

"और?"

"और भी सर ही है, मॅडमजी," ते म्हणाले. "आप स्टाफरूम में बैठिए ना."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वर्ध्याला आमचं घर स्मशानाच्या रस्त्यावर होतं आणि माझी झोप कधी बिघडली नाही. तरी त्या दिवसापासून मी ग्रंथालयाला वळसा घालून वर्गावर जाऊ लागले. तेवढंच चालणं होतं, असं मी स्टाफरूममध्ये सांगत असे.

पण नाक मुठीत धरून त्या दारात जायची वेळ माझ्यावर आलीच. चिचगडकडच्या जुन्या तलावांवर मी एक निबंध लिहिला होता. एका नियतकालिकानं तो घेतलाही होता, पण त्यांची एक अट होती. फाईल अशी हवी की दृष्टी नसलेल्या वाचकाला ती मशीनकडून नीट ऐकता आली पाहिजे. मी म्हटलं, यात काय आहे? स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानातून फाईल करून घेतली, पाठवली, परत आली. दुरुस्त करून पाठवली, पुन्हा परत आली. आता शुक्रवारची संध्याकाळ ही शेवटची मुदत होती. निबंध छापून आला नाही तर विद्यापीठ माझा प्रबंध घेणार नव्हतं, म्हणजे माझी पीएचडी आणखी एक वर्ष लांबणार होती. वाट पाहणं हा माझा गुण नाही.

सरांनी फाईल उघडली आणि आतल्या बाईनं तोंड उघडलं. जे बाहेर पडलं ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं, कुठलीच भाषा नव्हती. पडद्यावर माझं सुंदर मराठी वाक्य दिसत होतं आणि बाई घशातल्या घशात काहीतरी भलतंच बरळत होती. मी दाराकडे पाहिलं.

"झपाटली हाय," सर शांतपणे म्हणाले. "वरून मराठी दिसते. आत दुसरेच अक्षर बसले हायेत. दुकानवाल्यानं जुन्या फॉन्टात टाईप केली. तुमाले दिसते, तिले दिसत नाई."

त्यांनी सगळी अक्षरं बदलून घेतली. मग बाई मराठीत बोलू लागली, पण माझ्या पानावर दोन रकाने होते आणि ती ते आडवे वाचत सुटली. डाव्या रकान्यात तलावाची पाळ कशी बांधतात ते होतं, उजव्यात गावकऱ्यांच्या मुलाखती. "पाळीवर काळ्या मातीचा थर देऊन सरपंचांना," बाई म्हणाली, "घट्ट दाबून वरून पाणी मारतात." मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. डोळे मिटूनच ते म्हणाले, "आयकनाऱ्यानं काय करावं मंग? सरपंचाले शोधत बसावं?"

रकाने सरळ झाले. मग आले फोटो. तिथं बाई नुसतीच म्हणाली, "चित्र." पुढच्या पानावर, "चित्र." त्याच्या पुढं, "चित्र."

सरांचा चेहरा पडला. "अंधारात बसला मानूस तुमाले इचारून रायला का काय दिसते, अन् तुमी चित्र-चित्र काऊन म्हणून रायल्या? डोरे मिटा. आता सांगा, काय हाय फोटोत?"

"तलाव," मी म्हटलं.

"कसा तलाव? पानी केवढा? पारीवर कोन?" पाळीला ते पार म्हणतात. मला काही सांगता येईना. फोटो मीच काढले होते.

मग सरांनी काही दिवस बसून एकेका फोटोचं वर्णन स्वतः लिहिलं. पानावर ते दिसत नाही, फाईलच्या आत असतं, फक्त ऐकणाऱ्याला सापडतं. गुरुवारी मी फाईल मागितली. सर म्हणाले, "अजून पास नाई झाली."

"कोण पास करणार आहे?"

त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. वेताची खुर्ची. तिच्यावर घडी घातलेली चादर आणि चादरीवर बटणांचा एक जुना फोन. त्या खुर्चीत कुणी बसत नसे. एकदा परीक्षेच्या गडबडीत कुणी तिच्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला, तर सरांनी तो उचलून थेट बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला होता.

चौकशी केली तेव्हा कळलं, उन्हाळ्यापासून या खोलीतून एकही फाईल पास झालेली नाही. प्राचार्यांचाही निबंध आत अडकला होता. त्यांनी सरांना मेमो दिला. सरांनी तो मेमोही आतल्या बाईकडून वाचून घेतला आणि "हाबी पास नाई" म्हणून बाजूला ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी माझा धीर सुटला. मी गेंदलालभाऊंना जिन्याखाली गाठलं. "या खुर्चीचं काय आहे ते आज सांगा, नाहीतर मी ती खुर्चीच बाहेर काढते."

त्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. "ऐसा मत करना, मॅडमजी. सर की बड़ी बहन थी. बचपन से आँखें नहीं थीं. माँ-बाप गए तो उसी ने सर को पाला. सर स्कूल का पाठ उसको पढ़के सुनाते थे, वो बोलती समझा, तब सोते थे. बाद में मुर्री गाँव में सर के साथ ही रहती थी. यहाँ से सर फोन लगाते, वो घर बैठे पूरी फाइल सुनती थी. वो बोली समझा, तो पास."

"आणि आता?"

"गर्मी में चल बसी. फोन उसी का है, कुर्सी-चादर भी. सर घर से ले आए."

मी तिथंच पायरीवर बसले. इतके दिवस ज्या शांततेला मी भीत होते, ती कुणाच्या उत्तराची वाट होती हे आता कळलं. पण खोटं कशाला बोलू, भीती गेली नव्हती. उलट वाढली.

खोलीत गेले तेव्हा आतली बाई माझाच निबंध वाचत होती. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, बाई थांबली नाही. लॅपटॉपच्या उजेडात बरण्या निळ्या दिसत होत्या आणि करडू दोन्ही तोंडांनी माझ्याकडे पाहत होतं. पान संपलं. सर खुर्चीकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "समजला का?"

सर थांबले. ते असे रोज किती वेळ थांबत असतील, या विचारानं मला तिथं उभं राहवेना. मी पुढं झाले, फोन उचलला, चादरीसकट खुर्चीत बसले आणि फोन मांडीवर ठेवला.

"उठा, मॅडम," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"डोळे मिटलेत मी," मी म्हटलं. "पहिल्यापासून लावा."

मग कळ दाबल्याचा आवाज आला.

डोळे मिटल्यावर माझा निबंध माझा राहिला नाही. कुणीतरी अनोळखी माणूस मला अंधारातून हाताला धरून नेत होता आणि मध्येच हात सोडत होता. "छायाचित्र तीन," बाई म्हणाली. "तलावाची पाळ. पाळीवर मोहाचे झाड. झाडाखाली एक म्हातारी बसली आहे."

"थांबवा," मी म्हटलं. "म्हातारी कुठं पाहते आहे? पाण्याकडं की गावाकडं?"

आवाज बंद झाला. मला वाटलं, आता हे मला हात धरून बाहेर काढणार.

"मोठीबाई असाच इचारे," सर म्हणाले. बहिणीला ते मोठीबाई म्हणत. "कोनीकडं पाहून रायली, काऊन पाहून रायली. मीच सांगाले इसरलो." आणि ते टाईप करू लागले. बोलता बोलता म्हणाले, "पान्याकडं पाहते." मग विचारलं, "समजला का?"

"नाही. मागचं पान पुन्हा."

"नापास!" सर म्हणाले. नापास झाल्याचा इतका आनंद मी कुठल्याही विद्यार्थ्याच्या तोंडावर पाहिलेला नाही. माझे डोळे मिटलेले होते, पण तो आवाजातच दिसत होता.

त्या दुपारी मी माझा निबंध पुन्हा पुन्हा नापास केला. जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणाले. सर वर्णनं बदलत गेले, मला माझी वाक्यं बदलायला लावत गेले. वीज आली तेही आम्हाला पंख्याच्या वाऱ्यावरून कळलं. ऊन उतरता उतरता मी म्हटलं, "समजलं." सरांनी फाईल पाठवली. थोड्या वेळानं फाईल स्वीकारल्याचा निरोप आला, तोही त्यांनी बाईकडून वाचून घेतला.

मग त्यांनी माझ्या मांडीवरचा फोन उचलला आणि कानाला लावला. "आयकला का, मोठीबाई?" ते म्हणाले. "मॅडम तुह्यापेक्षा कडक हाय." आणि ऐकत राहिले. मान हलवली. हसले. मी बरण्यांकडे पाहायचं टाळलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, मले आता झोपू दे. खुर्ची मॅडमले देऊन टाक."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चष्मा पुसायला तोंड फिरवलं. मी फोन उलटून पाहिला. मागचं झाकण सैल होतं, आत बॅटरी नव्हती. कुठलाच आवाज यायची सोय नव्हती.

मी तो कानाला लावला. "हो जी, मोठीबाई," मी म्हटलं, "झोपा तुम्ही. प्राचार्यांची फाईल मी ऐकते."