दोन ठिकाणी ठेवलेले बूट

दीनानाथ मेश्रामांना एकटं लंडनला जाऊ द्यायचं की नाही, यावर लंडनजवळ रीडिंगला राहणाऱ्या त्यांच्या मुलाच्या, उदयच्या घरात जेवढ्या बैठका झाल्या, तेवढ्या त्याच्या लग्नाच्या वेळीही झाल्या नव्हत्या. एकटं म्हणजे अगदी एकटं नाही. सोबत पत्नी स्वातीबाई होत्याच. पण आई आणि पप्पा मिळून एक शहाणं माणूस होतं, यावर उदयचा विश्वास नव्हता.

दीनानाथ नागपूरला वीज मंडळात होते. भर पावसात खांबावर चढून तार जोडणारा हा गडी निवृत्त झाला, मग हृदयात एक स्टेंट बसला आणि तेव्हापासून मुलाच्या लेखी ते काचेचं सामान झाले. रीडिंगला येऊन महिना उलटला होता. एवढ्या दिवसांत त्यांनी इंग्लंडचं काय पाहिलं, तर कौन्सिलची गाडी कोणत्या वारी कचऱ्याचा कोणता बिन रिकामा करते ते. उदय ऑफिसला, सून मीनल ऑफिसला आणि सासू-सासरे खिडकीला. शनिवारी त्यांना गाडीत घालून सुपरमार्केटला नेत आणि बटाट्यांबरोबर परत आणून ठेवत.

शेवटी दीनानाथांनी अन्नत्याग केला. फक्त संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं सोडली होती, पण चेहरा संपूर्ण उपवासाचा होता.

"ते टॉवर, ते पूल, राणीचा वाडा, काही नाही दाखवलं तरी चालते," ते म्हणाले. "पण बाबासाहेब शिकत असताना ज्या घरात राहिले, ते कॅमडेनचं घर न पाहता मी नागपूरला परत जाऊ? वस्तीत लोक इचारतील, का रे, दोन महिने इलायतेत काय केलं? सांगू, बिन पाहिले?"

उदय विरघळला. पण पुरता नाही. "ओके पप्पा. पण ही ट्रायल आहे. आज काही घोळ झाला, हरवलात, पडलात, एनीथिंग, तर मग पुढचं सगळं आमच्यासोबत. वीकेंडला."

"वीकेंडला तू झोपतो."

"म्हणूनच म्हणतो, घोळ करू नका."

दीनानाथांनी मान डोलावली. परतीचं तिकीट अजून महिन्याभरावर होतं. त्या महिन्यात केंब्रिज, समुद्र, नदीतली बोट असं बरंच काही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं आणि ते सगळं आता या एका दिवसावर लटकत होतं. उदयने त्यांना खास बूटही आणून दिले. पाणी न शिरणारे, करडे, नारिंगी नाड्यांचे. नाड्या इतक्या भडक होत्या की दीनानाथांना वाटलं, गर्दीत आपण हरवलोच तर पोराला दुरून दिसावं म्हणूनच असले निवडलेत.

सगळं फार सुरळीत झालं. पॅडिंग्टनला उतरले, ट्यूब म्हणजे भुयारी गाडी बदलली, चॉक फार्म स्टेशनला बाहेर पडले, एकदाच रस्ता चुकले आणि तोही स्वातीबाईंनी वेळेत ओळखला. आता स्मारक झालेल्या त्या घराच्या भिंतीवरची, बाबासाहेबांच्या नावाची गोल निळी पाटी लांबून दिसली तशी दीनानाथांची पावलं मंदावली. त्यांनी टोपी काढली, केस नीट केले आणि फुटपाथवरच खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

"अहो, इथे कुणी काढत नाही बूट," स्वातीबाई म्हणाल्या.

"विहारात जाताना काढतो ना आपण? मग इथे काहून नाही?"

 स्वातीबाईंनीही सँडल काढल्या, पर्समधून कापडी पिशवी काढली, सँडल तीत घातल्या आणि पिशवी नवऱ्यापुढे धरली. "द्या इकडे तुमचेपण."

"जोडे घेऊन आत जायचं? बाबासाहेबांच्या घरात? काखेत जोडे मारून?"

"पिशवी दारापाशी ठेवीन मी. बाहेर राहिले तर जातील एखाद वेळी."

दीनानाथ हसले. हे हसू अनुभवी माणसाचं होतं. लग्नाच्या मांडवातून दुसऱ्याच्या चपला घालून परत येण्याची वेळ त्यांच्यावर तरुणपणी एकदा आली होती आणि त्यानंतर त्यांनी एक युक्ती अंगी बाणवली होती, जी आजवर फसलेली नव्हती. एक पायताण इथे काढायचं, दुसरं लांब तिकडे. चोराला जोड लागतो. अर्धा जोड घेऊन तो काय करणार?

त्यांनी डावा बूट पायरीच्या कडेला ठेवला. उजवा घेऊन मोज्यांवर चालत दोन घरं पलीकडे गेले आणि तिथल्या बुटक्या भिंतीच्या पायथ्याशी, झुडपाला लागून ठेवून आले. मोज्याच्या अंगठ्याला भोक आहे, हे तेवढ्या चालण्यात त्यांच्या ध्यानात आलं, पण आता इलाज नव्हता.

आतल्या त्या तासाविषयी फार लिहायला नको. खोल्या साध्याच होत्या. पण परक्या मुलखात, थंडीत, अर्धपोटी राहून पुस्तकांवर वाकलेला तो विद्यार्थी दीनानाथांना तिथे दिसला आणि ते रडले. खांबावर विजेचा झटका बसला तेव्हाही न रडलेला माणूस खिडकीपाशी उभं राहून पोटभर रडला.  स्वातीबाईंनी रुमाल पुढे केला आणि मग तोच परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले. आपण आयुष्यातलं फार मोठं काम आज केलं, असं वाटून दोघं हलक्या मनाने बाहेर आले.

डावा बूट जागेवर होता. उजवा नव्हता.

दीनानाथांनी झुडपात पाहिलं, भिंतीमागे पाहिलं, बिनचं झाकण उचलून पाहिलं. "सापडते, सापडते," म्हणत ते एका पायात बूट घालून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वर-खाली होत चालले. पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि उजवा मोजा आपलं काम सोडून पाणी पिऊ लागला होता.

"मी म्हटलं होतं," स्वातीबाई म्हणाल्या.

"एक बूट कोण नेईल? मला सांग, कोण नेईल?"

"ते मला कशाला विचारता? नेला ना?"

तेवढ्यात दीनानाथांचा फोन वाजला. उदय. व्हिडिओ कॉल, पण त्याच्या बाजूचा कॅमेरा बंद.  त्यांनी फोन इतका वर धरला की पलीकडे फक्त त्यांचं कपाळ आणि लंडनचं आभाळ दिसत असावं.

"हां पप्पा, कसं चाललंय? ऑल ओके?"

"एकदम ओके. घर पाह्यलं. फार चांगलं झालं बेटा."

"ग्रेट. आणि बूट? चावत नाहीत ना?"

"नाही नाही. जाणवतच नाहीत पायात."

"दोन्ही?"

"हो... दोन्ही. दोन्हीच असतात ना?"

"हो, म्हणजे, तसंच विचारलं. मी मीटिंगमध्ये आहे, सो पटकन सांगतो. त्या रस्त्याच्या टोकाला गेलात ना, की पुढे एक टेकडी आहे. पूर्ण लंडन दिसतं. आत्ताच जा. मागे वळून बघू नका, म्हणजे, लाईट जाईल. फोटो चांगले येणार नाहीत."

टेकडी म्हणताच दीनानाथांनी उजव्या पायाकडे पाहिलं. "नको रे. पाय जरा दुखतो."

"पाय दुखतो? कुठला? छातीत काही? डाव्या हातात? पप्पा, बसा. आत्ताच्या आत्ता बसा!"

"अरे, काही नाही! तू मीटिंग कर!" दीनानाथांनी फोन बंद केला आणि भिंतीला टेकले. "खलास. आता हा घरी बीपीचं मशीन घेऊन बसणार. केंब्रिज गेलं. बोट गेली. आता बिन पाहा आणि जेवा."

स्वातीबाई मात्र फोनकडे बघत राहिल्या होत्या. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली होती.

त्यांच्या मनातला विचार पुढे सरकायच्या आत समोरून एक गोरी आजी आली. तिच्याबरोबर एक छोटा, अंगात रेनकोट घातलेला कुत्रा होता. आजीने दीनानाथांच्या एका पायातला बूट पाहिला, दुसऱ्या पायातला ओला मोजा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. मग ती इंग्रजीत तीनदा सॉरी म्हणाली. नारिंगी नाड्या का, असं तिने विचारलं. तो बूट तिनेच उचलला होता. कुणाचा तरी पडला असणार, पावसात भिजेल, या काळजीने.

बिचाऱ्या दीनानाथांना या देशाची ही रीत ठाऊक नव्हती. इथे रस्त्यात जोडी दिसली तर कुणी ढुंकून बघत नाही. पण एकटा हातमोजा, बाळाचा एकटा मोजा, एकटा बूट दिसला की लोकांचा जीव कळवळतो. ते तो उचलतात, भिंतीवर नाहीतर कुंपणाच्या टोकावर ठेवतात आणि त्याचा मालक कुठे दिसतो का, ते शोधत बसतात. चोरांसाठी लावलेल्या सापळ्यात दीनानाथांनी एक सज्जन बाई पकडली होती.

"मग आता कुठे आहे?" स्वातीबाईंनी जमेल तशा इंग्रजीत विचारलं.

आजीने सांगितलं की तिने तो एका तरुणाला देऊन टाकला. तिकडे त्या मोठ्या झाडामागे उभा होता. भारतीय, उंच, चष्मा, निळं जाकीट. तिने बूट दाखवला तर फार दचकला, मग फार आभार मानले आणि घेतला. तेव्हा तिला वाटलं, त्याचाच असेल. पण त्याच्या पायात तर दोन्ही बूट होते! हे तिला घरी गेल्यावर आठवलं. आणि तो अजून तिथेच घुटमळत होता, गाड्यांमागून वाकून बघत होता, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं. अशा माणसाची पोलिसांना खबर द्यायलाच हवी. तिने पिशवीतून फोन काढला सुद्धा.

"पोलीस नाही! नो पोलीस!" दीनानाथ घाबरले. पोलीस म्हणजे नाव, पत्ता, मग मुलाचा नंबर. पोलिसांची गाडी रीडिंगच्या दारात आपल्याला सोडते आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. "स्वाती, सांग ना त्यांना. बूट नको म्हणावं. दान केला म्हणावं! एवढ्या दूर येऊन आपल्याच माणसाने चोरला, त्याचं भलं होवो म्हणावं!"

स्वातीबाई बोटांवर मोजत होत्या. "उंच," त्या पुटपुटल्या. "चष्मा. निळं जाकीट. दोन्ही." मग त्यांनी आजीचा फोनवरचा हात हळूच खाली केला, स्वतःचा फोन काढला आणि मुलाला लावला.

"हां आई, बोल. मीटिंग चालू आहे गं."

"चालू दे," स्वातीबाई म्हणाल्या. "संपली की तो बूट घेऊन इकडे ये."

 मग रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या व्हॅनमागून उदय बाहेर आला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बूट. नारिंगी नाड्या वाऱ्यावर हलत होत्या. शाळेत पट्ट्या खायला पुढे येताना तो असाच चालत यायचा.

आजीने कुत्र्याला जवळ ओढलं. "माय सन," स्वातीबाईंनी खुलासा केला. त्या दोन शब्दांत आजीला बहुधा सगळं उमगलं, कारण तिने फोन पिशवीत टाकला, उदयकडे एकदा रोखून पाहिलं आणि पुन्हा सॉरी म्हणत कुत्र्याला घेऊन निघून गेली.

"तू ऑफिसात होता ना?" दीनानाथांनी विचारलं.

"सिक लीव्ह टाकली," उदय जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्याच ट्रेनमध्ये होतो, मागच्या डब्यात. म्हटलं, लांबूनच बघतो. पण त्या बाईंनी तो बूट माझ्या हातात दिला. मी परत ठेवायला जाणार, तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात. मग लपलो. मग म्हटलं, तुम्हाला टेकडीवर पाठवतो आणि ठेवतो."

"म्हणजे मी इथे ओल्या पायाने लंडनभर बूट शोधतो, आणि तू तो काखेत धरून माझी तब्येत इचारतो?"

"सॉरी, पप्पा."

दीनानाथांना खरं तर संतापायचं होतं. तशी तयारीही त्यांनी केली, छाती भरून श्वास घेतला. पण श्वास आत गेला तो हसू होऊनच बाहेर आला. बूट मिळाला होता. पोलीस आले नव्हते. घोळ झाला होता, पण उदय घरी जाऊन तक्रार करू शकत नव्हता, कारण अर्धा घोळ त्याचाच होता. हे लक्षात येताच सबंध महिना, केंब्रिजसकट, समुद्रासकट, परत त्यांच्या हाती आला. इतकं हलकं त्यांना ऑपरेशननंतर डॉक्टरांनी घरी सोडलं तेव्हाही वाटलं नव्हतं. ते भिंतीवर बसले, ओला मोजा पिळला आणि बूट चढवला.

"बरं," ते उठत म्हणाले. "मीनलला माहीत आहे, तू ऑफिस बुडवलं ते?"

"नाही." उदयचा चेहरा पडला. "प्लीज पप्पा."

"नाही सांगत. आता तू जा परत. आम्ही पुढे जातो. पोचला की फोन कर."

उदय गेला नाही. तिथेच पाय घोटाळत उभा राहिला. "पप्पा, मी पण येऊ का? नऊ वर्षं झाली मला इथे. पण लंडन मी असं कधी पाहिलंच नाही. येतो, काम करतो, ट्रेन पकडतो."

दीनानाथांनी बायकोकडे पाहिलं. स्वातीबाईंनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं.

"ये," त्या म्हणाल्या. "पण सूचना द्यायच्या नाहीत. पप्पांना बोटीवर जायचंय. ते नेतील तिकडे जायचं."

"चला," म्हणत दीनानाथांनी टोपी चढवली आणि ताठ मानेने पुढे झाले. ते ज्या बाजूला निघाले, तिकडे स्टेशनही नव्हतं आणि नदी तर नव्हतीच. उदयने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. मग दोन्ही हात खिशात घालून तो त्यांच्या मागोमाग निमूट चालू लागला.