प्योनसाहेबांचे तीन दंडवत

"मी डबा असा उचलीन, सर, की आत झोपलेला माणूस कूससुद्धा बदलणार नाही."

योनदू हे संचालक प्योनसाहेबांच्या तोंडावर म्हणाली, तेव्हा बुसानच्या त्या बंदर-प्रशिक्षण केंद्रातली सगळी पोरं मान खाली घालून हसली. प्योनसाहेब हसले नाहीत.

"पोरी, जीभ हलवायला क्रेन लागत नाही," ते म्हणाले.

परीक्षा तशी साधी. कंटेनरमध्ये काठोकाठ भरलेला वाडगा ठेवायचा आणि तो कंटेनर उचलून दोन कंटेनरांच्या थप्पीवर चढवायचा. थेंब सांडला तर नापास. योनदूचा आजवर एकही थेंब सांडला नव्हता, तरी साहेबांनी तिला दोनदा पाडलं होतं. एकदा फार हळू म्हणून, एकदा फार भरभर म्हणून! त्यांच्या बायकोचा भाचा म्योंगसक मात्र अर्धा वाडगा सांडून पहिल्या फटक्यात पास. आता तिसऱ्यांदा पाडलं की नाव कटणार, धक्क्यावरची नोकरी हुकणार आणि जन्मभर आईशेजारी बसून मासळी विकायची. योनदूला मासळीचा राग नव्हता. साहेबांचा होता.

त्या दिवशी क्रेन नवीकोरी होती. नव्या यंत्रापुढे डुकराचं मुंडकं मांडून, तांदळाच्या दारूचा काठोकाठ वाडगा ठेवून, मेणबत्त्या लावून तीन दंडवत घातल्याशिवाय बंदरात कुणी त्याला हात लावत नाही. पण वाऱ्यापुढे मेणबत्ती टिकेना. त्यात आवारात काडी ओढायलाही बंदी, आणि तीही साहेबांच्याच सहीची. साहेबांनी शक्कल लढवली. सगळा थाट गुपचूप निळ्या कंटेनरमध्ये मांडला आणि दार आतून ओढून घेतलं.

परीक्षेचा कंटेनरही तोच. खाली उभं राहून परीक्षा घेणाऱ्या, कुक आडनावाच्या मास्तरांनी साहेबांना वाडगा घेऊन आत जाताना पाहिलं होतं. बाहेर येताना पाहायचं तेवढं राहून गेलं.

"निळा. वाडगा आत आहे. उचल," मास्तर वायरलेसवर म्हणाले.

योनदूनं उचलला. मांडीवर झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं, तसा अलगद थप्पीवर टेकवला. मग दार आतून उघडलं. तिसरा दंडवत आटोपून प्योनसाहेबांनी बाहेर पाऊल टाकलं आणि तितक्याच घाईनं मागे घेतलं. खाली दोन कंटेनर, आणि त्यांच्याखाली मान वर करून पाहणारी पोरं.

"नापास!" साहेब वरून ओरडले. "माणसासकट डबा उचलला हिनं."

योनदूनं केबिनमधला लाउडस्पीकर चालू केला.

"परीक्षेच्या वेळी लाल रेषेच्या आत कोण शिरलं, सर? 'रेषेच्या आत येऊ नये' ही पाटी तुमच्याच अक्षरात आहे. आणि खरं सांगा, उचललं कधी ते कळलं तुम्हाला?"

"वाडगा?" कुक मास्तरांनी खालून विचारलं.

साहेबांनी आत पाहिलं. "भरलेला आहे," ते मेल्या आवाजात म्हणाले. "ते नंतर बघू. आधी शिडी लावा."

"शिडी एका डब्यापुरतीच आहे, सर. लांब शिडीचा अर्ज तुम्हीच नाकारलात."

"मग म्योंगसकला बसवा. तिला उतरवा."

म्योंगसक तळहातावर थुंकून निघाला. साहेबांनी एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा भरल्या वाडग्याकडे.

"थांब रे, गधड्या. तिलाच बसू दे."

"नापास माणसानं क्रेनला हात लावायचा नाही," योनदू म्हणाली. "तुमचाच नियम, सर."

"बरं बाई, पास."

"तोंडी नको. कागदावर."

परीक्षेचा कागद साहेबांच्या खिशातच होता. तो त्यांनी डुकराच्या कपाळावर ठेवून सही केली. डुक्कर हसत होतं. शुभ म्हणून हसरंच निवडून आणलं होतं. कागद वाऱ्यावर सोडला, कुक मास्तरांनी धावत जाऊन पकडला, सही वाचली आणि मान हलवली. मगच योनदूनं साहेबांना खाली उतरवलं.

जमिनीला पाय लागताच साहेबांचा रुबाब परत आला. सगळ्यांसमोर त्यांनी तोच प्रसादाचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला. हात असे लटपटले की अर्धी दारू बुटांवर.

योनदू क्रेनच्या शिडीवरून उतरत होती. शेवटच्या पायरीवर थांबून तिनं बुटांकडे पाहिलं.

"नापास, सर," ती म्हणाली.