बराबर रंगाचा मॉनिटर

प्रांजलीचा जुना मॉनिटर मिचमिच करू लागला आणि संध्याकाळपर्यंत तिचे डोळे कांदा चिरल्यासारखे लाल होऊ लागले, तेव्हा तिने नवऱ्याला आठ हजारांच्या आत एखादा चांगला मॉनिटर बघायला सांगितले. इथेच ती चुकली. भोकरदनला राहत्या घरी ती लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स तयार करून देत असे. तिचे सगळे काम रंगांवर चालायचे. नवरा ओमप्रकाश शाळेत लिपिक होता आणि कचेरीच्या वेळेत त्याला मोबाईलवर मॉनिटरचे व्हिडिओ बघायला भरपूर सवड होती.

पंधरा दिवसांत तो तज्ज्ञ झाला. घरी आलेल्या पाहुण्यांना पाणी देण्याआधी तो त्यांच्या टीव्हीचे हर्ट्झ, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते ते, विचारू लागला. कुणालाच सांगता येईना, तेव्हा हा तालुका अडाणी आहे असे त्याचे मत पक्के झाले.

मग तो जालन्याला गेला. दुकानदार शिवाजीने आधी वहिनी काम काय करतात ते विचारले आणि एक साधा बावीस इंची मॉनिटर पुढे ठेवला. यात रंग खरे दिसतात, छपाईवाले हाच नेतात, बजेटातही बसतो, असे त्याने सांगितले. ओमप्रकाशने हर्ट्झ विचारले. पंच्याहत्तर, असे उत्तर आले.

"एकशे पासष्टच्या खाली आम्ही बघत न्हाई."

"एवढे हर्ट्झ गेमवाल्यांना लागतात. वहिनीला गेम खेळायचा हाये का?"

या प्रश्नाची त्याला कीव आली. दुकानाची पायरी उतरतानाच त्याने मोबाईलवर कधी न ऐकलेल्या कंपनीचा, बाक आलेला, पाठीवर लाल दिवे असलेला मॉनिटर मागवला. मॉनिटर घरी आला. दिवे मागच्या बाजूला असल्याने त्यांचा उपयोग भिंतीवरच्या पालीपुरता झाला. जुना मॉनिटर ओमप्रकाशने त्याच दिवशी भंगारात देऊन टाकला.

नव्या पडद्यावर प्रांजलीने पहिला फोटो उघडला तो साहेबरावांचा. साहेबराव गेल्या तीन निवडणुकांपासून भावी सभापती होते. पडद्यावर ते विहिरीतून काढल्यासारखे निळे दिसत होते. तिने नवऱ्याला बोलावून मोबाईलवरचा तोच फोटो शेजारी धरून दाखवला. मोबाईल खोटे रंग दाखवतो, असे त्याने तिला समजावले.

"मॉनिटर बिलकुल बराबर हाये. तुझे डोळेच जुन्या पडद्याला सवकलेत."

सकाळी त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा होता. तिने साहेबरावांच्या चेहऱ्यात पिवळा रंग टाकला, पुन्हा टाकला, आणि पडद्यावर माणूस जिवंत दिसू लागला तेव्हा फाईल छपाईला पाठवली.

बसस्टँडसमोर बारा फुटी साहेबराव लागले ते लिंबासारखे पिवळे. दहा वाजेपर्यंत त्यांना कावीळ झाल्याची बातमी बाजारभर झाली. कार्यकर्ते हार दुरूनच देऊ लागले. हॉटेलवाल्याने त्यांच्यापुढची भजी उचलून उसाचा रस ठेवला. गावात झाडपाल्याचे औषध देणाऱ्या चांगुणाबाई कसलासा पाला वाटून घेऊन आल्या आणि समजूत घालत तो त्यांच्या घशाखाली उतरवूनच गेल्या. विरोधकांनी तर लवकर बरे व्हा म्हणून दुसरा फ्लेक्स लावायची तयारी केली.

दुपारी साहेबराव प्रांजलीच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, मी काय भंडाऱ्यात लोळून आल्तो का?"

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पैसे परत देते, नवा फ्लेक्स फुकट करून देते, असे ती म्हणत होती. तेवढ्यात आतून ओमप्रकाश आला आणि म्हणाला, "रंग बराबर हाये, साहेब. तुम्हीच एकदा तपासून घ्या."

साहेबराव लाल झाले. निदान त्यांना स्वतःला तसे वाटले. ते तरातरा प्रयोगशाळेत जाऊन रक्त देऊन आले. निर्दोष अहवाल वीस फुटी छापून आधी ओमप्रकाशच्याच दारात लावायचा, असा त्यांचा बेत होता.

अहवालात कावीळ निघाली.

अगदी सुरुवातीलाच सापडली, थोडक्यात निभावले, असे डॉक्टर म्हणाले. साहेबरावांनी पेढ्यांचा पुडा पाठवला. त्यांना तसेही पेढे बंद होते. ओमप्रकाशच्या बोलण्याला तर आता धरबंधच उरला नाही. आपला मॉनिटर माणूस आतून दाखवतो, असे तो शाळेत, बँकेत, केस कापताना सांगत सुटला. आठवड्याभरात बायका पोराबाळांचे फोटो घेऊन दारात आल्या. प्रत्येक फोटो निळसर दिसायचा आणि ओमप्रकाश प्रत्येकाला रक्त कमी असल्याचे सांगायचा. प्रांजलीच्या पत्रिका तशाच पडून राहिल्या आणि संध्याकाळी डोळे लाल व्हायचेही थांबले नाही.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने त्याचाच फोटो उघडला.

ओमप्रकाश बराच वेळ बघत राहिला. ओठ जांभळे, गाल राखेसारखे. त्याने खुर्ची मागे सरकवून बघितले, मग पुढे सरकवून. त्याने स्वतःची नाडीही धरून पाहिली.

"प्रांजली," तो हळूच म्हणाला, "ह्या मॉनिटरचे रंग मला जरा चुकीचे वाटून राह्यलेत."

"बिलकुल बराबर हायेत," प्रांजली म्हणाली. "तुम्ही आधी रक्त तपासून या."

तो चपला घालून निघाला. ती फाटकापर्यंत त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने मोबाईल उचलला आणि जालन्याच्या शिवाजीला फोन लावला.