शेऱ्याचा रकाना

शेवटचा सीन सगळ्यात आधी घ्यायचा, एवढा एकच निर्णय त्याने बायकोला न विचारता घेतला आणि तिथेच माशी शिंकली.

तो पाणीपुरवठा ऑफिसातल्या रेकॉर्ड रूमचा हेडक्लार्क. ऑफिसात त्याला ‘डायरेक्टर’ म्हणत, कारण दर रविवारी तो राहत्या घरात चांगला दोन तासांचा सिनेमा काढत होता. (हसून म्हणत, पण म्हणत.) कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्याचा, त्यामुळे कुणाचं लग्न निघालं की रविवार बुडाला. ट्रॉली म्हणजे चाकाची खुर्ची. माइक झाडूच्या दांड्याला बांधलेला आणि दांडा बायकोच्या हातात. गोष्ट हट्टी बापाची आणि नालायक मुलाची. मुलगा तो स्वतः (दुसरं कोणी फुकट येईना) आणि बाप म्हणजे त्याचे सासरे. शेवटी बाप खुर्चीत बसल्याबसल्या प्राण सोडतो.

पहिल्याच रविवारी सासरे फार सुंदर मेले. उभा जन्म पोस्टात शिक्के मारण्यात गेलेला माणूस, पण मान अशी टाकली की बायकोच्या हातातला दांडा थरथरला. (आवाजात खडखडाट आला. बाकी अप्रतिम.) मग सासऱ्यांनी तो सीन कॅमेऱ्यात पाहिला, आपलं बोळकं निरखलं, आणि दुसऱ्या रविवारी नवी कोरी कवळी घालून हजर झाले.

पुढे दीड वर्ष शूटिंग चाललं. सिनेमा जोडायला बसल्यावर डायरेक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपला बाप सबंध सिनेमाभर बत्तीस दातांनी खेकसतो आणि मरताना मात्र त्याच्या तोंडात एकही दात नाही.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” बायको म्हणाली. (म्हटलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं.)

एका चित्रपट महोत्सवाकडे सिनेमा पाठवायची मुदत सोमवारी संपत होती. बापाचं मरण पुन्हा घ्यायला हातात एकच रविवार. खुर्ची खिडकीपाशी ओढली, शेजाऱ्याने कॅमेरा लावला, सासऱ्यांनी घसा खाकरला.

“अहो, कप उजवीकडे होता की डावीकडे?”

“रजिस्टर बघ ना!” तो ऐटीत म्हणाला. रजिस्टर हा त्याचा अभिमान होता. सीन, कपडे, वस्तू आणि शेरा, असे आखीव रकाने. कोणतीही गोष्ट कारण नोंदवल्याशिवाय करायची नाही, ही रेकॉर्ड रूमची सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती.

बायकोने मोठ्याने वाचायला घेतलं. “सीन एक्केचाळीस. राखाडी सदरा. कप डावीकडे. शेरा: सदर सीन प्रथम घ्यावा. नट वयस्कर. न टिकल्यास अडचण नको.”

शेवटचे शब्द तिच्या तोंडून निघून गेले आणि मग तिला कळले. शेजारी उगाच लेन्स पुसायला लागला.

“न टिकल्यास म्हणजे?” सासऱ्यांनी विचारलं.

“म्हणजे... तुमची आवड टिकली नाही तर, असं.”

“आवड वयस्कर असते?”

“दीड वर्ष हा दांडा धरून माझा खांदा गेला,” बायको म्हणाली. “आणि तुम्ही माझ्या बाबांची वाट बघत होतात?”

“वाट नाही गं, खबरदारी!”

सासरे चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सदऱ्याची गुंडी काढली. “जावईबापू, मी दात तुमच्या सिनेमासाठी केले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी आपल्याकडे इतकं निरखून बघतंय, तर नीट दिसावं म्हटलं.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला त्याने तोंड उघडलं. “ते जाऊ द्या,” सासरे म्हणाले, “पण मी आता मरणार नाही.”

“मग सिनेमाचा शेवट?”

“मुलगा मरू दे,” बायको म्हणाली.

“मी?”

“नालायकच आहे की तो. बघणाऱ्यांनाही बरं वाटेल.”

तो निमूट खुर्चीत बसला. “ॲक्शन” बायकोच म्हणाली. त्याने मान टाकली. सासऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. एक गरम थेंब त्याच्या कपाळावर पडला. तो खरा होता की काय, हे आजतागायत त्याने विचारलेलं नाही. मात्र ‘कट’ कोणी म्हणेना. नाकावर माशी बसली तरी तो जिद्दीने मेलेलाच राहिला, आणि स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज आला तेव्हा त्याला कळलं की तिघंही चहाला गेलीत.

सिनेमाची महोत्सवात निवड झाली. छोट्याशा हॉलमध्ये सकाळच्या खेळाला दाखवला, तेव्हा मुलगा मेल्यावर मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. बापाच्या कामाला बक्षीस मिळालं. सगळे दात दाखवत सासऱ्यांनी ते घेतलं.

घरी आल्यावर त्याने रजिस्टर बंद करायला काढलं. शेवटच्या पानावर बायकोच्या अक्षरात एक नोंद होती.

‘सीन एक्केचाळीस, सुधारित. शेरा: एका टेकमध्ये ओके. नट टिकला नाही. कोणाचीही अडचण झाली नाही.’