जिन्याखालच्या झाडांचा पाहुणचार

जिन्याखाली झाडं जगवून दाखवणार, असं तेजस्वीनं बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये उभं राहून ठणकावलं, तेव्हा सेक्रेटरींच्या कपातला चहासुद्धा दचकला! तिथं ना ऊन, ना पाऊस. आजवर पिकलं ते फक्त कोळ्यांचं जाळं. पण दहावीच्या अभ्यासाच्या नावाखाली तेजस्वीनं मोबाईलवर सगळं वाचून काढलं होतं. स्नेक प्लांट! सावलीत खूश, कोरड्यात त्याहून खूश. थोडक्यात, जेवढं दुर्लक्ष कराल तेवढं वाढणारं झाड. आणि दुर्लक्ष करण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

अडचण एकच. वरच्या मजल्यावरच्या विजयसिंहकाकांना तीच जागा त्यांच्या बंद पडलेल्या स्कूटरसाठी हवी होती. काका जुने पैलवान, त्यांनी तिथंच कुस्ती ठरवून टाकली. पुढच्या मीटिंगला झाडं उभी असतील तर जागा तेजस्वीची, आडवी झाली तर स्कूटरची.

तिनं कुंड्या मांडल्या. पानं अशी ताठ, जणू भरतीला आलेले जवान! पण थोड्याच दिवसांत बघते तर मातीचा चिखल. तिनं तर थेंबही घातला नव्हता. नक्की काकांचा डाव! तिनं वर जाऊन बाथरूम गळतंय का विचारलं. काकांनी बाथरूम दाखवलं, वर डिंकाचा लाडू हातात ठेवला. लाडू खाल्ल्यावर संशय घेणं जरा अवघड गेलं.

मग सुट्टीच्या दुपारी ती मीटरच्या पेटीआड दबा धरून बसली. आधी तळमजल्यावरच्या चिमणाबाई आजी तांब्या घेऊन आल्या. पाठोपाठ दूधवाला ज्ञानू, किटली विसळलेलं पाणी घेऊन. मग एक कुरिअरवाला, ज्याला बिल्डिंगमधलं कुणी ओळखतही नव्हतं! त्यानंही आपली बाटली ओतली.

"दारात कुणी कोरडं उभं असलं की घास उतरत न्हाय बघ," पकडल्या गेल्यावर आजींनी सांगितलं.

तेजस्वीनं पाटी लावली: पाणी घालू नये. दुसऱ्या दिवशी माती पांढरी!

"पाणी नको लिवलंयस न्हवं?" आजी म्हणाल्या. "म्हणून ताक घातलं की. जिरं बी टाकलंय."

कडेच्या कुंडीला तर बदामाचा वास येत होता. थंडाई! म्हणजे पैलवानाचंच काम. आता मात्र ती तरातरा वर गेली आणि काकांना म्हणाली, ही चीटिंग आहे. काका खरोखरच दुखावले.

"समोरचा गडी उपाशी ठिवून कुस्ती मारायची व्हय?" ते म्हणाले. "माझ्या वाटणीची थंडाई हाय ती, तेजे."

यावर काय भांडणार? शिवाय तेवढ्यात दुसरा लाडू आला.

मीटिंगच्या दिवशी झाडं मुळाशी कुजून पाठ टेकून पडली होती. चितपट! काकांनी हरलेल्या पैलवानाला द्यावी तशी तिच्या पाठीवर थाप दिली (दोन दिवस खांदा दुखला) आणि स्कूटर आत ढकलली. आजींनी पदरानं डोळे टिपले.

"एवढं खाऊन बी लेकराच्या अंगाला लागलं न्हाय," त्या म्हणाल्या.

पण एक पान धड वाचलं होतं, आणि पान खोचलं की नवं झाड येतं, हेही तिनं वाचलं होतं. काकांनी उदार मनानं स्कूटरच्या फूटबोर्डवर एका कुंडीपुरती जागा दिली. आता तेजस्वीला आपली माणसं कळली होती. नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही, पण एका गोष्टीला सगळे मान देतात. तिनं झोकात नवी पाटी लिहिली: माझा उपास आहे.

"आता बघते कोण काय घालतंय," तिनं आईला सांगितलं आणि निवांत झोपली.

सकाळी माती कोरडी ठणठणीत! फक्त तिच्यावर साबुदाण्याची खिचडी होती.

शेजारी चमचा.